कुजलेल्या फांदीवरची काटेरी केशरी अळंबी कोणती असावी?

प्रश्न : म्हादईकाठची

नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी आमचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे. त्याच्या वरच्या बांधापलीकडे लगेच रान सुरू होते. मधली पट्टी आमच्या मालकीची असली तरी तिथे कधी लागवड झालेली नाही, त्यामुळे किंदळ, माट्टी आणि इतर रानझाडे तिथे आपापली वाढली आहेत. श्रावणातल्या एका उघडिपीत त्या पट्टीत जमिनीवर पडलेल्या एका कुजक्या फांदीवर मला काही लहान अळंब्या दिसल्या. त्यांचा रंग इतका भडक होता की प्रथमदर्शनी कोणीतरी टाकलेली प्लास्टिकची वस्तू असावी असे वाटले. त्यांची ओळख पटावी म्हणून जे पाहिले ते शक्य तितके नेमके लिहिते.

सर्वांत कोवळ्या अळंबीची टोपी गोल, गडद केशरी आणि फणसाच्या सालीसारखी काट्यांनी भरलेली होती. मात्र ते काटे बोटाला टोचत नव्हते, मऊ होते. त्याच फांदीवरच्या थोड्या जुन्या अळंबीची टोपी उघडून पसरट झाली होती, तिचा रंग केशरीवरून पिवळ्याकडे झुकला होता आणि काटे विरळ होऊन कडेलाच उरले होते. सर्वांत मोठी टोपी एक रुपयाच्या नाण्याहून किंचित मोठी असेल. दांडा बारीक, पिवळसर असून त्यावरही टोपीसारखेच बारीक खवले होते. वास जवळजवळ नव्हताच. फांदीची साल पूर्ण गेलेली असल्यामुळे ती कोणत्या झाडाची, हे मला खात्रीने सांगता येत नाही. जवळ उभी असलेली झाडे बहुतेक किंदळाची आहेत.

मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या ॲपने एका छायाचित्रावरून ल्युकोकोप्रिनस बर्नबाउमी असे नाव दिले आणि दुसऱ्यावरून जिम्नोपिलस असे. दोन्ही छायाचित्रे एकाच अळंबीची असल्यामुळे मी अधिकच गोंधळात पडले आहे. शेजारच्या आजी म्हणतात की एवढा रंग असलेली अळंबी म्हणजे कुत्र्याची छत्री, ती विषारीच असणार आणि तिला हातही लावू नये. माझ्या भाच्याने ती हाताळली आहे, म्हणून विचारते की नुसत्या स्पर्शाने काही अपाय होतो का? ती खाण्याचा आमचा विचार अजिबात नाही. मला फक्त तिचे नाव जाणून घ्यायचे आहे, आणि ते खात्रीने सांगता यावे यासाठी आणखी काय पाहावे लागेल, हेही कोणी सांगितले तर बरे होईल. सोबतची छायाचित्रे वरून आणि बाजूने घेतलेली आहेत.

उत्तर : खोतीगावकर

ताई, आपण केलेले वर्णन छायाचित्रांपेक्षाही अधिक उपयोगी आहे, कारण कोवळी आणि जुनी अशा दोन्ही अवस्था आपण एकाच फांदीवर पाहून नोंदवल्या आहेत. माझ्या मते ही सिप्टोट्रामा अ‍ॅस्प्राटा असावी.

पहिले कारण म्हणजे लाकूड. ही जाती मेलेल्या, कुजत असलेल्या फांद्यांवर आणि ओंडक्यांवर वाढते. दुसरे कारण म्हणजे काटे. कोवळेपणी टोपीवर तंतूंचे टोकदार झुबके असतात, टोपी उघडत जाते तसे ते विरळ होतात, पावसाने आणि वयाने झडतात, आणि शेवटी पिवळट, जवळजवळ गुळगुळीत टोपी उरते. आपण लिहिलेला रंगबदलही याच क्रमाने झालेला आहे. ज्याने फक्त कोवळी अळंबी पाहिली आहे आणि ज्याने फक्त म्हातारी पाहिली आहे, त्या दोघांना आपण एकच जाती पाहत आहोत यावर विश्वास बसणे कठीण जाते. तिसरे कारण आकाराचे आहे. या जातीची टोपी साधारण एक ते तीन सेंटीमीटर इतकीच भरते. दांड्यावरचे पिवळे खवले हेही तिच्या ओळखीत मोडते.

तिचा नावाचा इतिहासही थोडा गमतीचा आहे. इंग्लंडचे निसर्गअभ्यासक माइल्स जोसेफ बर्कली यांनी १८४७ साली सिलोनमधून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, आलेल्या नमुन्यावरून तिचे पहिले वर्णन केले. आपल्यासारख्याच पावसाळी उष्ण प्रदेशातली ही अळंबी जगाच्या उष्ण पट्ट्यात सर्वदूर सापडते, म्हणून ती पश्चिम घाटाच्या पायथ्याशी दिसण्यात आश्चर्य काहीच नाही. आश्चर्य आहे ते अभ्यासकांच्या गोंधळाचे, कारण वर्णन झाल्यानंतर तिला डझनभराहून अधिक वेगवेगळ्या प्रजातींत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांत, टाकून पाहण्यात आले आणि आजचे नाव रेडहेड आणि गिन्स या अभ्यासकांनी १९८० साली दिले. मोबाइलवरचे ॲप एका दिवसात दोन नावे देते, तर त्याला फार दोष देऊ नये, असे मला तरी वाटते. ती ज्या फिसालाक्रिएसी कुलात मोडते, त्याच कुलात मोठ्या दुकानांत पाकिटातून मिळणारी, लांब बारीक दांड्यांची पांढरी एनोकी अळंबीही आहे. दोघींना शेजारी ठेवले तर हे नाते कोणालाही पटणार नाही.

आता ॲपने दिलेल्या नावांविषयी. ल्युकोकोप्रिनस बर्नबाउमी ही लिंबासारख्या पिवळ्या रंगाची अळंबी आपल्याकडे कुंड्यांत, रोपवाटिकेत आणि कंपोस्टच्या ढिगावर पुष्कळदा उगवते. प्रागमधल्या एका काचघरात सापडलेल्या नमुन्यावरून कवकांचे अभ्यासक कोर्डा यांनी १८३९ मध्ये तिचे वर्णन केले होते, यावरूनच तिची माणसाच्या बागांशी असलेली सलगी लक्षात येते. ती कुजलेल्या पालापाचोळ्यावर आणि सेंद्रिय मातीत वाढते, तिच्या दांड्यावर नाजूक वलय असते, टोपीची कड रेघारेघांची असते आणि टोपीच्या खालच्या पात्या दांड्याला चिकटलेल्या नसतात. तिच्या टोपीवर पिठासारखे बारीक कण असतात, आपण पाहिलेत तसे उभे काटे नसतात. जिम्नोपिलस मात्र खरोखरच लाकडावर वाढते आणि रंगाने पिवळी-केशरीही असते, त्यामुळे ते नाव सुचणे अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही. पण तिचे बीजाणू, म्हणजे बियांचे काम करणारे सूक्ष्म कण, गंजासारखे तांबूस-तपकिरी असतात, त्यांच्यामुळे जुन्या अळंबीच्या पात्याही तशाच रंगाच्या होतात आणि कधीकधी खालच्या टोप्यांवरही त्यांची भुकटी साचलेली दिसते. सिप्टोट्रामाचे बीजाणू पांढरे असतात.

म्हणून आता दोन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. पहिली, टोपीच्या खालच्या बाजूचे छायाचित्र घ्यावे आणि त्यात पात्या दांड्याला जिथे मिळतात तो भाग स्पष्ट दिसेल असे पाहावे. एखादी अळंबी टोपीपासून दांड्याच्या तळापर्यंत उभी चिरली तर हे सर्वांत चांगले दिसते. दुसरी, बीजाणूंचा ठसा घ्यावा. त्यासाठी पूर्ण उघडलेली टोपी दांड्यापासून कापून, पात्या खाली येतील अशी काचेच्या तुकड्यावर ठेवावी, टोपीवर पाण्याचा एक थेंब सोडावा आणि वरून वाटी उपडी घालून रात्रभर तशीच राहू द्यावी. सकाळी टोपी उचलली की काचेवर बीजाणूंची नक्षी उमटलेली दिसेल. पांढऱ्या कागदावर ठसा घेतला तर पांढरे बीजाणू दिसत नाहीत आणि ठसा उमटलाच नाही असा समज होतो. काच मात्र एकदा काळ्या आणि एकदा पांढऱ्या कागदावर धरून पाहता येते.

स्पर्शाविषयी काळजी नसावी. अळंबीतील विषे पोटात गेली तर अपाय करतात. नुसती हाताळल्याने विषबाधा होत नाही. भाच्याने साबणाने हात धुतले असतील तर पुरे. मात्र लहान मुलांची तोंडात घालून पाहण्याची सवय ध्यानात घेऊन आजींनी घातलेला दम चालू ठेवायला हरकत नाही.

उत्तर : सांगेचा निरीक्षक

खोतीगावकरांनी सांगितलेल्या प्रजातीशी मी सहमत आहे, पण जातीच्या नावापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. सिप्टोट्रामा या प्रजातीत एकमेकींसारख्या दिसणाऱ्या आणखीही जाती आहेत आणि त्यांच्यातला भेद टोपीच्या रंगाच्या छटेवर तसेच बीजाणूंच्या आकारमानावर ठरतो. छटा छायाचित्रात फसवी असते आणि बीजाणू मोजायला सूक्ष्मदर्शक लागतो. त्यामुळे आजच्या पुराव्यावर या नोंदीला ‘सिप्टोट्रामा, बहुधा अ‍ॅस्प्राटा’ असे म्हणणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते. ‘बहुधा’ हा शब्द लिहिण्यात कमीपणा नाही. उलट पुढे कोणी पश्चिम घाटातल्या नोंदी एकत्र करील, तेव्हा शंकेसह लिहिलेली नोंद त्याच्या अधिक उपयोगी पडेल आणि घाईने लिहिलेले पक्के नाव त्याला कदाचित फसवील.

रंगाविषयी आणखी एक सांगतो. पावसाळ्यात दाट पानांखाली जो उजेड पडतो तो हिरवट असतो आणि मोबाइलचा कॅमेरा तो आपल्या हिशोबाने दुरुस्त करायला जातो, त्यामुळे केशरी कधी तांबडा दिसतो तर कधी निव्वळ पिवळा. अळंबीशेजारी साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा आणि सेंटीमीटरची पट्टी ठेवून छायाचित्र घेतले तर रंग आणि माप दोन्हींचा अंदाज नंतर बांधता येतो. फ्लॅश वापरू नये, कारण ओल्या टोपीवर तो चकाकतो आणि काटे पुसल्यासारखे दिसतात.

खोतीगावकरांच्या ठशाच्या सूचनेला एक पुरवणी जोडावी लागेल. पांढरा ठसा आला तर जिम्नोपिलस बाद होईल हे खरे, पण ल्युकोकोप्रिनसचा ठसाही पांढराच असतो आणि हायग्रोसायबी या रंगीबेरंगी प्रजातीचाही. हायग्रोसायबीच्या लाल-केशरी अळंब्या आपल्या रानात पावसाळ्यात दिसतात. त्या बहुतेक करून जमिनीवर उगवतात आणि त्यांच्या पात्या मेणासारख्या जाड वाटतात. तेव्हा नुसत्या ठशावर निकाल लावता येणार नाही. पात्या दांड्याला चिकटलेल्या आहेत की सुट्या, त्या दाट आहेत की विरळ, दांड्यावर वलय आहे की नाही आणि अळंबी नेमकी कशावर उगवली आहे, या सर्वांची सांगड घालावी लागेल. वरवर जमिनीवर उगवलेली वाटणारी अळंबी कित्येकदा मातीत गाडल्या गेलेल्या काटकीतून वर आलेली असते, म्हणून तळाची माती हलक्या हाताने बाजूला करून पाहण्याची सवय लावून घ्यावी. या फांदीच्या बाबतीत तो प्रश्न नाही, हे आपले भाग्यच.

म्हादईकाठची

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे एक अळंबी उभी चिरून पाहिली आणि दुसरीच्या टोपीचा ठसा घेतला. छायाचित्रे जोडली आहेत. त्यात पांढरा कागद आणि पट्टीही ठेवली आहे.

टोपीखालच्या पात्या पांढऱ्या आहेत आणि एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर आहेत. दोन पूर्ण पात्यांच्या मध्ये कडेकडून निघालेल्या आखूड पात्याही दिसतात. पूर्ण पात्या दांड्याला चिकटलेल्या आहेत आणि काही ठिकाणी दांड्यावर किंचित खाली उतरल्यासारख्या वाटतात. दांड्यावर वलय कुठेही नाही, अगदी कोवळ्या अळंबीतही नाही. दांड्याचा तळ थोडासा फुगीर आहे, पण तिथे पिशवी किंवा पेला असे काही दिसले नाही. आतला गर पांढरा असून चिरल्यावर बराच वेळ वाट पाहिली तरी त्याचा रंग बदलला नाही. काचेवरचा ठसा पांढऱ्या कागदावर धरला तेव्हा जवळजवळ दिसेनासा झाला आणि काळ्या कागदावर स्वच्छ पांढरा उठून आला.

एक गोष्ट मात्र मनात राहिली आहे. हा ठसा पाहून शेजारच्या आजी म्हणाल्या की पांढरी भुकटी पडली म्हणजे ही विषारी नसेल, कारण आपण खातो ती रोयणीची अळमी पांढरीच असते. त्यांच्या घरी दर पावसाळ्यात रानातली अळमी शिजते आणि त्यांना ती चांगली ओळखता येते, म्हणून त्यांच्याशी वाद घालणे मला जमले नाही. यावर काय सांगावे?

उत्तर : डिचोलीतला जुना खवय्या

बाय, आजींशी वाद घालू नकोस, पण हा समज तेवढा त्यांच्या मनातून अवश्य काढ. आधी त्या रंगीत म्हणजे विषारी म्हणाल्या आणि आता पांढरी म्हणजे चांगली म्हणतात. दोन्ही समज गोव्यात घरोघरी आहेत आणि यांतला दुसरा जिवावर बेतू शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण ज्यांना रोयणीची अळमी म्हणतो त्या टर्मिटोमायसिस या प्रजातीच्या अळंब्या. रोयण म्हणजे वाळवीचे वारूळ. वाळवी वारुळाच्या आत या कवकाची बागच लावते आणि पाऊस पुरेसा मुरला की त्या बागेतून लांब मुळासारखा दांडा माती भेदून वर येतो. हाताने हळूच खणत गेले तर तो दांडा निमुळता होत थेट वाळवीच्या घरापर्यंत पोचतो. गोवा विद्यापीठातील डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंब्यांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. आजी ज्या खात्रीने अळमी ओळखतात ती खात्री रंगातून येत नाही. रोयण कुठे आहे, ती दरवर्षी कोणत्या पावसात फुटते, टोपीच्या मध्यावरचा टोकदार उंचवटा कसा असतो आणि दांडा किती खोल जातो, हे सगळे त्यांच्या डोळ्यांत बसलेले आहे. त्यांना विचारून पाहा, त्या हे सगळे सांगतील. फक्त कारण विचारले की रंगाचे नाव घेतील. आणखी एक गोष्ट त्यांना दाखवता येईल. टर्मिटोमायसिसचा ठसा पांढराशुभ्र नसतो, त्यात गुलाबी छटा असते. पुढच्या वेळी त्यांच्याच अळमीची एक टोपी काचेवर ठेवून त्यांनाच पाहायला सांग.

शुभ्र पांढरा ठसा अमानिटा प्रजातीचा असतो, आणि जगातल्या सर्वांत प्राणघातक अळंब्या याच प्रजातीत आहेत. त्यांतल्या काही दिसायला पांढऱ्या किंवा फिकट, अगदी साध्यासुध्या असतात. त्यांच्यातले अमाटॉक्सिन हे विष शिजवून, वाळवून किंवा पाणी टाकून नाहीसे होत नाही. खाल्ल्यावर सहा तास, कधी त्याहूनही बराच अधिक वेळ काही जाणवत नाही, मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात, मध्ये बरे वाटल्यासारखे होते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. आसामात २०२२ च्या एप्रिलमध्ये रानातली विषारी अळंबी खाऊन १३ जण दगावले, ही फार जुनी गोष्ट नाही. दुसरी फसवी अळंबी म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. ती पावसाळ्यात गवतात आणि मोकळ्या मैदानात उगवते, मोठी, पांढरट आणि अंगाने मांसल असते आणि नवख्या माणसाला खाण्याजोगी वाटते. तिच्या पात्याही सुरुवातीला पांढऱ्या असतात, पण पुढे हिरवट होतात आणि तिचा ठसाही हिरवट येतो. ती खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस बेजार होतो.

चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळी होते, किडे खातात ती चांगली, या सर्व परीक्षा निरर्थक आहेत. अमाटॉक्सिनचा चांदीवर काही परिणाम होत नाही, आणि किडा जे खाऊन जगतो ते माणसाला पचेलच असे नाही. मला स्वतःला अळमीचे तोणाक अतिशय आवडते, तरीही अनोळखी विक्रेत्याकडून मिसळीचा वाटा मी घेत नाही. सगळ्या एकाच जातीच्या, कोवळ्या आणि मुळासकट असतील तरच हात पुढे करतो. कोणाला अळंबी खाल्ल्यावर त्रास झालाच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालयात जावे आणि उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, सोबत न्यावी.

तुझ्या केशरी अळंबीविषयी एवढेच म्हणतो की ती खाण्याच्या यादीत कोणी धरत नाही. इतकी चिमुकली आहे की धरूनही उपयोग नाही.

उत्तर : खोतीगावकर

आपण दिलेल्या नव्या माहितीने चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. विरळ आणि दांड्याला चिकटलेल्या पांढऱ्या पात्या, वलयाचा अभाव, पांढरा ठसा आणि कुजलेले लाकूड यांचा मेळ सिप्टोट्रामाशी बसतो. ल्युकोकोप्रिनस पात्यांवरून आणि वलयावरून बाद होते, जिम्नोपिलस ठशावरून, आणि हायग्रोसायबी लाकडावरून व काट्यांवरून. तळाशी पिशवी नाही हे आपण न विचारता पाहिलेत, त्याचे विशेष कौतुक वाटले. अमानिटाच्या टोपीवरही खवले असतात, पण ते कोवळेपणी तिला वेढणाऱ्या आवरणाचे फाटलेले तुकडे असतात आणि त्याच आवरणाचा उरलेला भाग बहुधा दांड्याच्या तळाशी सापडतो. सांगेच्या निरीक्षकांचा ‘बहुधा’ हा शब्द मीही आता मान्य करतो. जातीचा शेवटचा निकाल सूक्ष्मदर्शकाखालीच लागावा.

ती फांदी मात्र जिथे पडली आहे तिथेच राहू द्यावी. आपल्याला दिसते ती अळंबी म्हणजे केवळ फळ; कवकाचे खरे शरीर लाकडाच्या आत तंतूंच्या जाळ्याच्या रूपात असते आणि लाकूड शिल्लक असेपर्यंत ते पुन्हा अळंबी वर काढू शकते. कुळागर स्वच्छ करण्याच्या नादात आपण पडलेल्या फांद्या गोळा करून जाळतो आणि मग रानात पूर्वीसारखे काही दिसत नाही म्हणून हळहळतो. निदान बांधापलीकडच्या पट्टीत तरी ही सफाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याची एक गोष्टही इथे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो. आपण नमुना घेतलात तो स्वतःच्या जागेतून, त्यामुळे प्रश्न नाही. पण १९९९ साली घोषित झालेली म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये, तसेच मोले, बोंडला आणि खोतीगाव इथल्या संरक्षित जंगलांतून परवानगीशिवाय काहीही तोडून आणता येत नाही. अभयारण्यांपुरते बोलायचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २९ तसे स्पष्ट सांगते, आणि ते अळंबीलाही लागू आहे. अशा ठिकाणी छायाचित्रांवर समाधान मानावे. खालच्या बाजूचे छायाचित्र घ्यायला अळंबी उपटावीच लागते असे नाही. लहान आरसा टोपीखाली धरला तरी पात्या व्यवस्थित दिसतात.

म्हादईकाठची

आजींना काचेचा प्रयोग सांगितला आहे. पुढची अळमी आली की त्या स्वतः टोपी आणून देणार आहेत. एक शेवटचा प्रश्न विचारते. उरलेली अळंबी जपून ठेवायची असेल तर कशी वाळवावी? घरात चूल आहे आणि तिच्यावर धुराडीत सोले, म्हणजे कोकमाची साले, वाळवतो, तिथे ठेवली तर चालेल का? आणि वाळलेला नमुना कोणाकडे द्यावा?

उत्तर : सांगेचा निरीक्षक

चुलीवर ठेवू नये. तिथली उष्णता कमीजास्त होत असते, अळंबी वाळण्याऐवजी शिजते आणि शिजलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याजोगे फारसे उरत नाही. साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाची कोरडी, वाहती हवा सर्वांत चांगली. ते साधणार नसेल तर पंख्याखाली जाळीवर पसरून ठेवावी, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तेवढ्याने भागत नसल्यामुळे नंतर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात घालावी. बोटांत धरल्यावर कडकन मोडेल इतकी ती वाळली पाहिजे. ओलसर असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधली तर दुसरीच बुरशी तिच्यावर चढते.

वाळलेला नमुना कागदी पाकिटात ठेवावा आणि ज्या काचेवर ठसा घेतला ती काचही वेगळ्या कागदात गुंडाळून सोबत द्यावी, कारण बीजाणू मोजायला तोच भाग सर्वांत सोयीचा असतो. जवळच्या ज्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतात तिथे किंवा गोवा विद्यापीठात आधी विचारणा करून नमुना नेऊन द्यावा. पाकिटावर तारीख, गावाचे नाव, जागा कशी आहे, फांदी कोणत्या झाडाची असावी, ताज्या अळंबीचा रंग आणि माप, ठशाचा रंग आणि गोळा करणाऱ्याचे नाव एवढे लिहावे. ताज्या रंगाची नोंद विसरू नये, कारण वाळल्यावर हा केशरी रंग बराच उतरतो. झाडाचे नाव लिहिताना ‘किंदळ’ असे सरळ न लिहिता ‘साल नाही, जवळ किंदळाची झाडे’ असे लिहावे. हे सर्व पेन्सिलीने लिहावे. दमट हवेत पेनाची शाई पसरते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत काहीच वाचता येत नाही.